नाशिकहून दुबई: विमान तीन तासांचं, प्रवास दिवसभराचा

दुबईत नोकरी लागली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘विमानाला किती वेळ लागतो?’ मुंबई-दुबई हवाई अंतर साधारण १,९०० किलोमीटर. जाताना सव्वातीन तास, येताना वारा पाठीशी असल्याने थोडे कमी. दुबईचं घड्याळ दीड तास मागे. म्हणून तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर जाताना पावणेदोनच तास लागल्यासारखे वाटतात आणि येताना साडेचार. आई विचारणारच, ‘येताना लांबून आणतात का रे?’

पण हा हिशोब मुंबईच्या सहार विमानतळापासून पुढचा. नाशिक ते सहार या टप्प्याबद्दल आपलेच लोक सर्वांत जास्त थापा मारतात. ‘तीन तासांत विमानतळ गाठला’ म्हणणारा रात्री दोनला निघाला होता, हे तो गाळतो. अंतर १६५ किलोमीटरच्या आसपास. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो. भिवंडी आणि ठाण्याचा माजिवडा नाका मात्र टळत नाहीत. पावसाळ्यातल्या संध्याकाळी तिथे अडकलात की घाटात वाचवलेला वेळ व्याजासकट जातो. रस्त्याला साडेपाच तास धरा, विमानतळावर तीन तास आधी पोचा. घरचे ‘एवढ्या लवकर कशाला’ म्हणतील, म्हणू द्या. पंचवटी एक्स्प्रेसने जायचा सल्लाही मिळेल. दोन मोठ्या बॅगा घेऊन दादरचा पूल चढून पाहा, मग ठरवा.

आता तारीख. हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी फसतंच. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असेल, तर घर १४ तारखेला दुपारी सोडायचं. चौदाला. सिडकोतला एक मुलगा १५ला संध्याकाळी देवापुढे नारळ फोडून, सगळ्यांच्या पाया पडून गाडीत बसला. विमान आदल्या रात्रीच गेलेलं! ऐनवेळच्या नव्या तिकिटाचे पैसे गेले, शिवाय रुजू व्हायचा दिवस हुकला. आपल्याकडे साहेबाला ‘गाडी लेट होती’ सांगून भागतं. इथे दुबईत चेहऱ्यावरची रेषही न हलवता तुमची रजा कापतात. तिकीट हातात आलं की निघायचा वार आणि तारीख कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्ली किंवा हैदराबादमार्गे यायचं तर पूर्ण प्रवासाचं तिकीट एकच असू द्या. दोन वेगळी काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरं तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही मागता येणार नाहीत.

सामानाचं एकच सांगतो: खसखस नको. यूएईत तिला बंदी आहे आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. पुडी कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण अनारशाची एक बाजू खसखशीनेच भरलेली असते, करंजीच्या सारणात ती असते, काळ्या मसाल्यातही असते. आई ‘एवढीशीच आहे’ म्हणेल. तो डबा घरीच राहू द्या.

उतरल्यावर इमिग्रेशन बहुधा झटपट होतं, त्याची काळजी नको. टर्मिनल १ आणि ३ला मेट्रो आहे, २ला नाही. ते धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला पडतं. घ्यायला येणाऱ्याला टर्मिनलचा आकडा मुंबईतूनच कळवा. नाहीतर तो एकीकडे पार्किंगचे दिरहम भरत बसेल आणि तुम्ही दुसरीकडे बॅगांवर.