वायरिंगचा दर ठरवण्याआधी ‘पॉइंट’ म्हणजे काय ते ठरवा

नव्या घराच्या वायरिंगचा दर स्लॅबचं सेंट्रिंग लागायच्या आधी ठरवायचा. बेळगावात असो, खानापुरात की निपाणीत, लोक पहिल्यांदा विचारतात, “चौरस फुटाला किती?” त्या हिशेबानं काम देऊ नका आणि घेऊही नका. हजार चौरस फुटांत एक मोठा हॉल आणि दोन खोल्या बसतात, तसंच चार छोट्या खोल्या आणि दोन बाथरूमही बसतात. दोन्हींना लागणारी वायर, बॉक्स आणि मेहनत सारखी कशी असेल?

दर पॉइंटवर ठरवा, म्हणजे दिवा, पंखा अशा एकेका जोडणीमागे. मजुरी वेगळी, माल वेगळा. तांब्याचा भाव वाढला की वायरच्या बंडलचा भाव वाढतो. दोन्ही एकत्र धरलं तर वायरमन पुढच्या भाववाढीच्या भीतीनं आधीच दर चढवून सांगतो.

आता पॉइंट मोजणं. इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे. खानापूरकडच्या एका घराचं काम ‘पॉइंटला इतके’ एवढ्याच बोलण्यावर धरलं. शेवटी मोजायला बसलो तेव्हा घरमालक म्हणाले, “प्लग बोर्डातच आहे की, त्याचा कसला पॉइंट?” ते फक्त दिवे-पंखे मोजत होते, मी प्लगही मोजत होतो. कागदावर काहीच नव्हतं. माझी बरीच मजुरी बुडाली आणि चांगला माणूस दुरावला, त्याचं वाईट आजही वाटतं.

एक बेडरूम घ्या. एक पंखा, एक बल्ब, दारातून आणि पलंगाजवळून दोन्हीकडून लागणारी एक ट्यूब, दाराजवळच्या बोर्डात एक प्लग, पलंगाजवळ वेगळा एक प्लग. दिवे-पंखे मोजणारा तीन पॉइंट म्हणेल. बटणं मोजणारा रेग्युलेटर धरून सात म्हणेल. मी पाच धरतो: पंखा एक, बल्ब एक, टू-वे ट्यूब दीड, बोर्डातला प्लग अर्धा, वेगळ्या जागचा प्लग एक. माझीच रीत पाळा असं नाही, पण जी रीत ठरेल ती कागदावर लिहून दोघांनी सही करा. त्याशिवाय दोन वायरमनच्या दरांची तुलना करू नका. एकाचा दर कमी दिसतो, कारण त्यानं पॉइंट जास्त धरलेले असतात.

एसी आणि गीझरला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वाटप-बोर्डापासून, स्वतंत्र लाईन येते, चार एमएमची वायर लागते. त्यांचा दर वेगळा लिहा. मीटर ते डीबीची मेन लाईन, डीबी बसवणं, इन्व्हर्टरची लाईन आणि अर्थिंग हे पॉइंटमध्ये येत नाही. अर्थिंगचं विशेष सांगतो. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत ओल टिकते, अर्थ लवकर मिळतो. खानापूरकडच्या जांभ्यात आणि मुरमात खड्डा खोल घ्यावा लागतो, मेहनत वाढते. जागा बघितल्याशिवाय अर्थिंगचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. भिंत चिऱ्याची असेल तर झिरी, म्हणजे पाईपसाठी भिंतीत खाच, मारताना कडा ढासळतात, तेही आधी बोला.

स्लॅबच्या दिवशी काँक्रीट पडताना वायरमनचा एक माणूस वर हजर पाहिजे, आणि त्याची हजेरी दरात आहे का ते विचारा. पाटी घेऊन चालणाऱ्यांच्या पायाखाली स्लॅबमधला वायरचा पाईप दबतो, जोड सुटतो, आत सिमेंटचं पाणी जातं. मग वायर ओढताना पाईपमधून सरकवायची स्प्रिंग मध्येच अडते आणि फोडाफोड सुरू होते. तो खर्च कुणी सोसायचा, हेही त्याच कागदावर लिहा. प्लास्टर झाल्यावर जागा बदललेला प्रत्येक पॉइंट नव्यानं मोजायचा.

हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, मीटरसाठी लायसन्सधारक ठेकेदाराची सही लागते. तिचे पैसे दरात आहेत की वरून, एवढं विचारून घ्या.

पैसे चार टप्प्यांत द्या: स्लॅबचे पाईप, झिरी आणि बॉक्स, वायर ओढणं, फिटिंग. शेवटचा हप्ता देण्याआधी मीटर चालू झाल्यावर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण स्वतः दाबा. ती लगेच पडली पाहिजे.