‘यात्रा वन’ कुठे लावावा, कसा लावावा

मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ‘यात्रा वन’ हा फाँट ओळखीचा वाटेल. कॅथरीन ली श्मिट यांनी तो त्याच पाट्यांवरून बेतला. गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, धंद्याच्या कामालाही चालतो. चपट्या कुंचल्याने ओढल्यासारखी तिरकी टोकं आणि भरघोस अंग, हा त्याचा स्वभाव. जाडी एकच आहे. म्हणून बोल्डचं बटण दाबू नका. सॉफ्टवेअर कडेने नुसता रंग चढवतं आणि ‘ठ’, ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात.

हा फाँट दोन ते पाच शब्दांचा. दुकानाची पाटी, खाद्यमहोत्सवाचा बॅनर, नाटकाचं पोस्टर इथे तो खुलतो. ए-फोर आकाराच्या पोस्टरवर मथळा ७२ पॉइंट किंवा वर ठेवा. २४ च्या खाली तिरकी टोकं दिसतच नाहीत, उरतो फक्त जाडपणा. तारीख, पत्ता, फोन नंबर ‘मुक्ता’सारख्या साध्या फाँटमध्ये. शोकसंदेशाला तर नकोच.

आधी तुमचाच मजकूर टाइप करून बघा, ‘अआइई’ नव्हे. ‘हार्दिक’, ‘उद्घाटन’, ‘दुसऱ्या’, ‘श्री’ नीट उमटतात का? ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडा. काही फाँट तेवढ्याने वळण बदलतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, तर दोष फाँटचा नाही. परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्य. अक्षरं मोकळी करायला ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. जागा हवीच असेल तर दोन शब्दांतलं अंतर वाढवा. दोन ओळींचा मथळा असेल तर ६० पॉइंटच्या अक्षराला ओळींतलं अंतर ८० पासून सुरू करा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आपटतो.

खरी फजिती होते रेडियम कटिंगला, म्हणजे चिकट रंगीत पट्टीतून अक्षरं कापताना. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा सांध्यावर एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही, पण प्लॉटर, म्हणजे कापणारं यंत्र, प्रत्येक सांध्यावर उभी चीर मारतो आणि पट्टी तिथेच सुटते. त्यामुळे मूळ फाईलची प्रत ठेवून मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, मग ते वेल्ड करा, म्हणजे जोडून एकसंध करा. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात, शिरोरेषा सलग दिसते का आणि ‘क’, ‘व’ची पोटं मोकळी राहिली का, हे दोन्ही तपासा. सुक्या कुंचल्याचे, कडा फाटल्यासारखे दिसणारे फाँट मात्र रेडियमला देऊच नका. त्यातले बारीक ठिपके सोलताना निघून येतात. ते फ्लेक्सवर छापा.