बालवाडीचा पहिला आठवडा: लेकराला निरोप कसा द्यावा

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि आमच्या मराठवाड्यात नेमकी तेव्हाच सोयाबीनची पेरणी निघते. आईबाप रानात, लेकराला सोडायला आज आजी, उद्या काका. तसं करू नका. पहिला आठवडा एकाच माणसाने सोडावं आणि त्यानेच न्यायला यावं. कोण येणार ते आधी घरात ठरवा.

डबा, बाटली, जादा कपडे तुम्ही आणताच. चड्डी इलॅस्टिकची घाला, लेकराला स्वतः काढता आली पाहिजे. आठ दिवस आधीपासून रात्री लवकर झोपवा. बालवाडीत पहिले दोन दिवस एक तास ठेवा, मग दोन दिवस दोन तास, मग पूर्ण वेळ.

खरी अडचण दारात येते. "खेळण्यात रमलं की गुपचूप निघून जा," असं पालकांना कुणीही सांगतं. मी बालवाडीची बाई; सुरुवातीची दोन वर्षं मीही सांगत होते. मग एका आईने माझं ऐकलं. तिचा मुलगा ठोकळे रचत होता. मान वर केली तर आई नाही. तो रडला नाही. उठून दाराशी गेला आणि आईची चप्पल होती त्या जागेवर बसला. सुटेपर्यंत हलला नाही. पुढचा महिनाभर घरी आई न्हाणीत गेली तरी तो दाराबाहेर बसून राही. नजर काढली की आई नाहीशी होते, हे त्याला मी शिकवलं होतं. तेव्हापासून माझ्या वर्गातून कुणी आई चोरून जात नाही.

निरोप असा द्या. खाली बसा, लेकराच्या डोळ्यांत बघा. कुठे चाललात आणि कधी येणार ते खरं सांगा. "साडेअकराला येते" म्हणू नका, तीन वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नाही. "मी रानात चालले. तू खिचडी खाल्लीस, हात धुतलेस, गाणं म्हटलंस, की मी दारात उभी." जवळ घ्या, त्याचा हात माझ्या हातात द्या आणि निघा. एक मिनिट पुरतं. "आत्ता येते" हे शब्द तोंडातून काढू नका. रडणं ऐकून परत फिरू नका, खिडकीतून डोकावू नका. आई दिसली की सगळं पहिल्यापासून. आणि गाणं संपायच्या आधी दारात या. पहिल्या आठवड्यातला दहा मिनिटांचा उशीर फार महागात पडतो.

तुम्ही गेल्यावर मी "रडू नको" म्हणत नाही. मांडीवर घेते आणि तुमचंच वाक्य पुन्हा सांगते. बहुतेक लेकरं थोड्या वेळात पाणी मागतात, मग शेजारच्याचं खेळणं. पाऊण तासातही शांत झालं नाही तर मी फोन करते. पहिले दोन दिवस हसत आलेलं पोर सोमवारी रडलं तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे.

आईच्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा दप्तरात द्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत सुरू झालेल्या कामातली ही गोष्ट. अंगण असो की लुगडं, ओळखीचं काहीतरी जवळ असलं की लेकरू धीर धरतं.

शिस्तीचं सांगते. "थांब, बाईंना सांगते, बाई मारतील," हे घरात बंद करा. ज्या बाईच्या नावाने भीती घातली तिच्याच हातात तुम्ही सकाळी त्याचा हात देता. मी मारत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे, आणि कायदा नसता तरी मी मारलं नसतं. आमच्या वर्गात तीन नियम आहेत: मारायचं-चावायचं नाही, विचारल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही, खेळणं जागेवर ठेवायचं. घरीही हेच शब्द वापरा. चावलं तर उलटं चावून दाखवणं हा रानटी सल्ला आहे. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. मग चावणाऱ्याचा हात धरून एवढंच म्हणा, "चावायचं नाही. त्याला दुखतं." भाषण नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना वेगळं सांगते. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, गाडी बऱ्याचदा रात्रीच येते, आणि लेकरू आजीजवळ झोपलेलं असतं. त्याला तसंच झोपेत ठेवून जाऊ नका. आदल्या दिवशी सांगा आणि निघताना उठवा. रडेल, रडू द्या. भिंतीवर कॅलेंडर लावा, आजीने रोज त्याच्या हाताने एक दिवस खोडवून घ्यावा. आणि तिकडून फोन ठरल्या वेळीच करा, दोन मिनिटं बोललात तरी चालेल.