शिंक येण्याआधी स्नायू आवळून धरा

रंकाळ्यावर चालताना, जोतिबाच्या पायऱ्या उतरताना, नाहीतर नुसतं खोकलं तरी लघवीचे थेंब गळतात, म्हणून कितीतरी बायका घराबाहेर पडणंच कमी करतात. वयावर ढकलून गप्प बसू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामानं बळकट होतात.

वारा सरू नये म्हणून आपण जे आत ओढून धरतो, तेच हे स्नायू. सुरुवातीला आडवं पडून, गुडघे दुमडून करा. आत आणि वर ओढा, 5 आकडे मोजा, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. हे सैल सोडणं बहुतेकजणी विसरतात! श्वास रोखू नका. मांड्या किंवा कुल्ले ताठ होत असतील तर चुकतंय. 10 वेळा, दिवसातून 3 दा. हळूहळू 10 सेकंदांपर्यंत न्या. लघवी करताना धार अडवून सराव मात्र नको.

जमू लागलं की शिंकण्याआधी, भरलेली घागर उचलण्याआधी तेच स्नायू आवळून धरा. निदान 3 महिने नेटानं करा. पाणी पिणं तोडू नका. लघवीला जळजळ होत असेल, लघवीतून रक्त जात असेल तर आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.