शेतकरी कंपनीच्या संचालकांनो, या चुका टाळा

वाशिम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीत, मी हिशेब पाहायचो. ऐन सोयाबीनच्या खरेदीत एका कास्तकाराचा माल आला. मशीनवर ओलावा १४ टक्के निघाला. बाराच्या वर घ्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सीईओने चुंगड्या (पोती) बाजूला लावायला सांगितल्या. कास्तकाराने तिथूनच एका संचालकाला फोन लावला. "घेऊन टाक रे, आपलाच माणूस आहे." माल घेतला. मागे रांगेत उभे होते त्यांनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून काट्यावर सीईओचं कोणी ऐकेना. दोन महिन्यांत तो पोरगा नोकरी सोडून गेला.

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ, नेमावाच लागतो, आणि तो सभासदांपैकी नसावा लागतो. गावातल्या नात्यागोत्यापासून तो मोकळा राहतो, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याला अधिकार किती, हे संचालक मंडळाने ठरवायचं असतं, आणि नेमकं तेच लेखी नसतं. किती रुपयांपर्यंतचा खर्च तो स्वतः करेल, भाव कोण ठरवेल, मालात सूट द्यायची तर कोण देईल, एवढं एका पानाच्या ठरावात आणा. एकट्या संचालकाचा फोन म्हणजे मंडळाचा निर्णय नव्हे, हेही त्यातच लिहा.

दुसरी चूक बैठकीची. तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावीच लागते, वर्षाला किमान चार. बऱ्याच ठिकाणी रजिस्टरच घरोघरी फिरतं आणि सह्या होतात. संचालक बाईंच्या जागी त्यांचे यजमान येऊन बसतात. हे चालू देऊ नका. आणि हंगामात तीन महिने थांबून भागत नाही. खरेदी सुरू असेपर्यंत दर आठवड्याला अर्धा तास तरी बसा.

बैठकीत मान डोलवायची आणि पानठेल्यावर जाऊन "माझा तर विरोधच होता" म्हणायचं, यानेही कंपन्या फुटतात. यात दोष बहुतेक वेळा अध्यक्षांच्या घाईचा असतो. ते आधीच बोलून मोकळे झाले की बाकीचे गप्प बसतात. अध्यक्षांनी शेवटी बोलावं. प्रत्येकाला नाव घेऊन विचारावं, विरोध असेल तर इतिवृत्तात नोंदवावा.

भांडण आधीच पेटलं असेल तर माणसं बाजूला ठेवून कागद पुढे घ्या: काटापट्टी, ओलाव्याची नोंद, बिलं. हिशेबात तूट आली तेव्हा आमच्या मंडळाने तेच केलं. संशय होता हमालीवर, तूट निघाली ओला माल वाळून घटलेल्या वजनात.

पुढच्या हंगामात काट्याशेजारी ओलाव्याचा नियम रंगवून घेतला. आठवडाभरात अध्यक्षांच्या सख्ख्या भावाचं सोयाबीन १३ वर आलं. अध्यक्ष तिथेच होते. त्यांनी स्वतः ताडपत्री अंथरायला हात लावला. माल दोन दिवस उन्हात वाळला, मग काट्यावर चढला.