रंगीत पेन्सिलींची पारख आणि त्यांचे थरांचे काम

रंगीत पेन्सिल चांगली आहे की नाही, हे तिच्या पहिल्या रेघेवरून ठरवता येत नाही. कागदावर एकदा फिरवली की जवळजवळ प्रत्येक पेन्सिल थोडाफार रंग सोडतेच, आणि चार पाकिटांतून काढलेल्या चार लाल पेन्सिलींच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांत फारसा फरक जाणवणारही नाही. फरक उघड होतो तो त्याच जागेवर तिसरा, पाचवा, आठवा थर देताना. हलक्या प्रतीच्या पेन्सिलीचा रंग दोन-तीन थरांतच मेणचट होतो आणि पुढचा रंग त्यावरून नुसता घसरतो. उत्तम पेन्सिल मात्र खालच्या थरातला रंग झाकून न टाकता त्यावर आपला रंग धरते, आणि त्या दोहोंतून तिसरीच छटा तयार होते. रंगीत पेन्सिलीचे सगळे काम या थरांवर उभे असल्यामुळे पेन्सिल निवडताना, कागद घेताना आणि हात चालवताना एकच प्रश्न समोर ठेवावा: यावर पुढचा थर बसेल का?

हा फरक गाभ्यातून येतो. रंगीत पेन्सिलीच्या गाभ्यात रंगद्रव्य, ते बांधून ठेवणारे मेण किंवा तेल, थोडा डिंकासारखा चिकट पदार्थ आणि केओलिन माती किंवा टाल्क यांचा भराव असतो. स्वस्त पेन्सिलीत भराव जास्त आणि रंगद्रव्य कमी असते, म्हणून रंग गडद करायचा तर हाताला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की कागदाचा पोत दबून पुढच्या थरांची वाट बंद होते. ग्राफाइटच्या पेन्सिलीचा गाभा भट्टीत भाजून कडक करतात. रंगीत पेन्सिलीचा गाभा तसा भाजत नाहीत, तो नुसता वाळवतात. त्यामुळे तो मऊ राहतो आणि ठिसूळही. उंचावरून एकदा पडलेली पेन्सिल बाहेरून धड दिसली तरी आत तिचे तुकडे झालेले असू शकतात, आणि मग टोक करताना ती पुन्हा पुन्हा मोडत राहते.

मेणाची पेन्सिल आणि तेलाची पेन्सिल असे दोन प्रकार सांगितले जातात, पण बहुतेक पेन्सिलींत दोन्ही घटक कमी-अधिक असतात आणि ज्याचे प्रमाण जास्त त्याचे नाव पेन्सिलीला पडते. मेणाचा अंश जास्त असलेली पेन्सिल मऊ असते, कागद लवकर भरते आणि रंग एकमेकांत सहज मिसळते. १९३८ पासून बनत आलेली प्रिझ्माकलर ही या जातीची सर्वांत परिचित पेन्सिल. तेलाकडे झुकणारी पेन्सिल किंचित कडक असते, तिचे टोक जास्त वेळ टिकते आणि बारीक रेघ स्वच्छ उमटते. जर्मन कंपनी फाबर-कास्टेलची या दुसऱ्या जातीची पॉलिक्रोमोस १९०८ मध्ये आली. आज तिच्या १२० छटा मिळतात आणि गाभा ३.८ मिलिमीटर जाडीचा असतो. मेणाच्या पेन्सिलीचे दाट थर दिले की काही दिवसांनी रंगावर पांढुरकी धुरकट झाक येते. ते आतून वर आलेले मेण असते. मऊ कापडाने अलगद पुसले की जाते, आणि चित्र पूर्ण झाल्यावर फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या द्रवाचे, पातळ फवारे दिले तर सहसा परत येत नाही. तेलाच्या पेन्सिलीत हा त्रास जवळजवळ नसतो. माझ्या मते पहिली चांगली पेन्सिल घेणाऱ्याने तेलाकडे झुकणारी घ्यावी, कारण तिच्यामुळे हलक्या हाताची सवय लवकर लागते. मऊ मेणाची पेन्सिल इतक्या पटकन भरगच्च रंग देते की शिकणारा तिथेच थांबतो.

दुकानात हाताळायला मिळाली तर आधी पेन्सिलीचे मागचे टोक पाहावे. गाभा लाकडाच्या बरोबर मध्यभागी असला पाहिजे. तो एका बाजूला सरकलेला असेल तर टोक करताना एकीकडे लाकूड पुढे येते, दुसरीकडे गाभा उघडा पडतो, आणि टोक मोडते. लाकडाच्या दोन फळ्या जिथे चिकटवल्या आहेत तिथे फट नसावी. मग कागदाच्या तुकड्यावर अगदी हलक्या हाताने पिवळ्या रंगाचा लहान चौकोन भरावा आणि त्यावर तितक्याच हलक्या हाताने निळा फिरवावा. हिरवी छटा एकसारखी उतरली, मध्ये कण किंवा खरखर जाणवली नाही आणि त्यावर आणखी एक लाल थर धरला गेला, तर पेन्सिल घेण्यासारखी आहे.

मोठ्या संचाचा मोह आवरावा. २४ चांगल्या पेन्सिलींनी जे होते ते साधारण प्रतीच्या १२० पेन्सिलींनी होत नाही, कारण बहुतेक छटा कागदावर थरांतून घडवायच्या असतात. मात्र त्या चोवीस नीट निवडलेल्या हव्यात, आणि त्यांत इतके रंग तरी असावेत: पिवळा, लाल आणि निळा यांच्या प्रत्येकी दोन छटा, एक उबदार आणि एक थंड, गेरूसारखे दोन-तीन मातकट रंग, एक गडद निळा, एक गडद तपकिरी, दोन करडे आणि पांढरा. सुट्या पेन्सिली विकणारी मालिका निवडणे सर्वांत सोयीचे, कारण पिवळा, पांढरा आणि करडा यांसारखे रंग लवकर संपतात आणि एका पेन्सिलीसाठी पूर्ण संच घेणे परवडत नाही.

रंग किती टिकेल, हा प्रश्न चित्राच्या हेतूवर अवलंबून आहे. रंगवण्याच्या पुस्तकाची पाने बंद राहतात, त्यामुळे तिथे याची काळजी करण्याचे कारण नाही. भिंतीवर लावायच्या किंवा कोणाला द्यायच्या चित्रात मात्र हाच पहिला विचार असला पाहिजे. उजेडाने फिके पडण्यात गुलाबी, जांभळे आणि काही भडक केशरी रंग सर्वांत पुढे असतात, तर मातकट रंग बहुधा वर्षानुवर्षे तसेच राहतात. कलाकारांच्या रंगीत पेन्सिलींसाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे डी ६९०१ नावाचे मानक आहे आणि त्यात प्रकाशात टिकण्याची श्रेणी ठरवलेली असते. स्विस कंपनी करान दाशच्या ल्युमिनन्स ६९०१ या मालिकेच्या नावातला आकडा त्या मानकाचाच आहे. डरवेंटची लाइटफास्ट मालिकाही याच गरजेतून आली. अनेक कंपन्या पेन्सिलीवर तारे छापतात आणि तिथे जास्त तारे म्हणजे जास्त टिकाऊ रंग, परंतु प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी असल्यामुळे एकीचे तारे दुसरीच्या ताऱ्यांशी ताडून पाहू नयेत. स्वतः खात्री करायची असेल तर प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर भरावी, तिचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा आणि तो कागद उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवावा. झाकलेला आणि उघडा भाग यांतला फरक त्या रंगाबद्दल पुरेसे सांगतो.

कागदाची निवड पेन्सिलीइतकीच महत्त्वाची आहे, तरी तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कागदाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. पेन्सिलीचा रंग त्या खळग्यांत अडकतो आणि ते भरले की थर संपतात. अगदी गुळगुळीत कागदावर बारीक तपशील सुरेख येतो, पण तीन-चार थरांतच जागा उरत नाही. फार खडबडीत कागदावर पुष्कळ थर बसतात, मात्र पांढरे ठिपके सतत डोकावत राहतात आणि ते बुजवण्यात वेळ जातो. मधला मार्ग म्हणून किंचित पोत असलेला, आम्लविरहित, २०० ग्रॅम (दर चौरस मीटरला) किंवा त्याहून जाड कागद घ्यावा. जलरंगाचा हॉट प्रेस, म्हणजे गरम दाबाने सपाटसर केलेला, कागदही उत्तम चालतो. रंगवण्याच्या पुस्तकाचा कागद बहुधा पातळ आणि गुळगुळीत असतो, म्हणून तिथे थोड्या थरांतच काम उरकावे लागते आणि पानामागे जाड पुठ्ठा ठेवावा, नाहीतर दाबाचे वळ पुढच्या पानावर उमटतात.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी आपल्या सगळ्या पेन्सिलींची रंगपट्टी त्याच कागदावर तयार करावी आणि प्रत्येक रंग हलक्या दाबापासून पूर्ण दाबापर्यंत उतरवून पाहावा, कारण लाकडावरचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग बरेचदा वेगळे असतात. गडद निळा, गडद जांभळा आणि काळपट हिरवा तर बाहेरून सारखेच दिसतात.

पेन्सिल टोकापासून जरा लांब, मागे धरली की हाताचा जोर आपोआप कमी होतो. टोक धारदार ठेवावे, कारण धारदार टोक कागदाच्या खळग्यांत शिरते आणि बोथट टोक उंचवट्यांवरूनच जाते. थर खरखरीत दिसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. पुढे-मागे रेघोट्या ओढण्याऐवजी एकमेकांवर चढत जाणारी लहान लंबगोल वळणे घ्यावीत, म्हणजे रेघांच्या कडा दिसत नाहीत. पहिला थर इतका हलका हवा की तो दिला आहे की नाही अशी शंका यावी. पुढच्या प्रत्येक थरात हाताची दिशा थोडी बदलावी.

एका पानाचे उदाहरण घेऊ. संचातला तयार हिरवा सरळ भरला तर पान प्लास्टिकचे वाटते. त्याऐवजी शिरा ज्या जागी हव्यात तिथे, रंग लावण्याआधी, शाई संपलेल्या बॉलपेनने कागद दाबून बारीक खाचा पाडाव्यात. वरून पेन्सिल फिरवली की खाचांत रंग शिरत नाही आणि शिरा पांढऱ्या राहतात. मग संपूर्ण पानावर फिका पिवळा थर द्यावा. जिथे सावली आहे तिथे निळा द्यावा, आणि पिवळ्यावर तो पडताच हिरवा दिसू लागेल. आता हिरवी पेन्सिल घेऊन सगळ्या पानावर एक थर द्यावा, म्हणजे आधीचे दोन्ही रंग त्यात एकजीव होतील. सर्वांत गडद कोपऱ्यांत, शिरेच्या कडेला आणि देठाजवळ, गडद लाल किंवा मरून रंगाचा हलका थर द्यावा. लाल हा हिरव्याचा विरुद्ध रंग, म्हणजे रंगचक्रात त्याच्या समोर येणारा, असल्यामुळे तो हिरव्याचा भडकपणा मोडतो आणि सावली खोल करतो, शिवाय ती निर्जीव होऊ देत नाही. काळ्या रंगाने हीच सावली केली असती तर पान मळलेले दिसले असते. शेवटी पुन्हा पिवळा किंवा हिरवा एकदा सर्वत्र फिरवून थर जुळवून घ्यावेत, आणि शिरांच्या खाचांत टोकदार पेन्सिलीने फिका पिवळा भरावा. हीच पद्धत फळाला, कापडाला आणि त्वचेच्या रंगालाही लागू पडते. फक्त कोणत्या रंगाचा विरुद्ध रंग कोणता, हे ठाऊक हवे.

उजळ जागा मात्र पहिल्यापासून कोऱ्या ठेवाव्या लागतात. पांढरी पेन्सिल गडद रंगावर फारशी उठत नाही. तिचा खरा उपयोग रंग फिका करण्यासाठी आणि दोन छटांची कड मऊ करण्यासाठी होतो.

घोटाई, म्हणजे फिक्या रंगाच्या किंवा बिनरंगी पेन्सिलीने जोर देऊन सगळे थर एकत्र दाबणे, हे अगदी शेवटचे काम आहे. त्याने रंग झळाळतो, पांढरे ठिपके जातात, पण कागदाचा पोत सपाट होतो आणि त्यानंतर काहीही नीट बसत नाही. थर शिल्लक ठेवून ठिपके घालवायचे असतील तर बिनवासाचा मिनरल स्पिरिट (रंग पातळ करण्याचा टर्पेंटाइनसारखा द्रव) कुंचल्याने अगदी थोडा लावावा: मेण विरघळते, रंग खळग्यांत उतरतो आणि वाळल्यावर त्यावर पुन्हा पेन्सिल चालते. हे काम जाड कागदावर आणि हवा खेळती असलेल्या खोलीतच करावे.

पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली हा वेगळा प्रकार आहे. करान दाशने १९३१ मध्ये प्रिझ्मालो नावाने त्या आणल्या. कोरड्या वापरल्या तर त्या साध्या पेन्सिलीसारख्या, ओला कुंचला फिरवला की जलरंगासारख्या. त्यांनी खालचा सपाट रंग भरून तो पूर्ण वाळल्यावर वर साध्या पेन्सिलीचे थर देणे, ही मोठी जागा भरण्याची उत्तम रीत आहे, मात्र कागद ३०० ग्रॅमचा तरी हवा.

रेखाटन ग्राफाइटने केले असेल तर रंग भरण्यापूर्वी मळून मऊ होणाऱ्या खोडरबराने दाबून ते जेमतेम दिसेल इतके फिके करावे. रंगाखाली अडकलेले ग्राफाइट पुसले जात नाही आणि पिवळ्यासारखे रंग ते मळवून टाकते. रंग कमी करायचा असेल तेव्हाही घासू नये. खोडरबर दाबून उचलावे, किंवा कमी चिकट टेप ठेवून अलगद ओढावी. हाताखाली कोरा कागद ठेवावा आणि पेन्सिलीचे कण मऊ कुंचल्यानेच झटकावेत, कारण तळव्याने झटकले की त्यांचे डाग पसरतात.

शार्पनरचे पाते बोथट असेल तर महागडी पेन्सिलही मोडते. पाते वेळोवेळी बदलावे, आणि मेण साचून अडखळू लागले तर एक ग्राफाइटची पेन्सिल त्यात फिरवावी, बरेचसे मेण तिच्यासोबत निघून येते. पेन्सिली उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नयेत, मेण मऊ होते. हातात धरता येणार नाही इतक्या आखूड झालेल्या पेन्सिलीला धारकात बसवून शेवटपर्यंत वापरता येते. तयार चित्र चौकटीत बसवताना काच थेट रंगाला टेकू देऊ नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची कड ठेवावी, नाहीतर मेणाचा थर काचेला चिकटतो.