पाळीव सापासाठी डॉक्टर कसा शोधावा

साप आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. कुत्रा लंगडू लागला की घरातल्या सगळ्यांना कळते, मांजराने खाणे सोडले की दुसऱ्या दिवशी लक्षात येते. साप मात्र दुखणे अंगावर काढतो. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी आधी भक्ष्य होतो, त्यामुळे दुबळेपणा लपवणे त्याच्या रक्तातच आहे. त्यातच निरोगी बॉल पायथनसुद्धा (हा आफ्रिकेतला लहान अजगर) हिवाळ्यात दोन-तीन महिने सहज उपाशी राहतो, म्हणून न खाणे हे आजाराचे लक्षण की ऋतूचे, हेही पटकन ठरवता येत नाही. आपल्याला शंका येईपर्यंत आजार बहुधा कित्येक आठवडे जुना झालेला असतो आणि मग चौकशी करायला सवड उरत नाही. म्हणून डॉक्टरचा शोध साप घरी आणण्याआधी घ्यावा, आणि तो आधीच घरी असेल तर या आठवड्यातच घ्यावा.

हे मी अनुभवाने शिकलो. पुण्यात एका डिसेंबरात आमच्या बॉल पायथनच्या नाकपुड्यांशी बुडबुडे दिसू लागले आणि श्वास घेताना बारीक घरघर ऐकू येऊ लागली. घाईघाईने गाठलेल्या पहिल्या दवाखान्यात त्याचे वजनही न करता अंदाजाने इंजेक्शन दिले गेले आणि तेच रोज देण्यास सांगितले गेले. पेटीतील तापमानाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. चार दिवसांनी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी सापाला हात लावण्याआधी वीस मिनिटे आमचीच उलटतपासणी घेतली. रात्री पेटीत किती तापमान असते, हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का, वीज गेली तर काय करता, पाण्याचे भांडे कुठे ठेवता, असे ते प्रश्न होते. पहाटे वीज जात होती आणि पेटी थंड पडत होती, हे त्या वीस मिनिटांत उघड झाले. औषध तर त्यांनी दिलेच, पण साप बरा झाला तो पेटी नीट झाल्यामुळे.

सापांचा डॉक्टर ओळखण्याची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे: तो साप पाहण्याआधी सापाचे घर समजून घेतो का? सापाच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. पचन, प्रतिकारशक्ती आणि औषधाचा परिणामही त्याच उष्णतेवर ठरतो. बॉल पायथनच्या पेटीत उबेची बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश असावी लागते. कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाला याहून थोडे कमी तापमान मानवते. पेटी थंड असेल तर सर्वोत्तम प्रतिजैविकसुद्धा अपुरे पडते. महाराष्ट्रात तर याला प्रदेशाचा आणखी एक पदर आहे. कोकणातल्या पावसाळ्यात पेटीतला भुसा ओला राहून पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात, तर एप्रिल-मे महिन्यांतल्या विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची कातेची पारदर्शक झापड तशीच राहून जाते. तुमच्या गावाची हवा विचारात घेणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नये.

शोधाला लागण्याआधी कायद्याची बाजू स्वच्छ असू द्या. नाग, घोणस, धामण, दिवड, मांडूळ, अजगर यांसारखे आपले देशी साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घरी पाळता येत नाहीत. असा साप घरी असेल तर डॉक्टर शोधण्याऐवजी वनविभागाला कळवणे हाच मार्ग आहे. विदेशी सापांपैकी ज्या जाती वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंदणी २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. बॉल पायथन या परिशिष्टांत आहे. नोंदणीची प्रत डॉक्टरांच्या भेटीला सोबत ठेवा. जबाबदार डॉक्टर ती मागू शकतात, आणि त्यांनी ती मागितली तर राग मानू नये.

आता प्रत्यक्ष शोध. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय पदवीचा मोठा भाग गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांना वाहिलेला असतो. त्यामुळे दारावरच्या पाटीवर पदवी आहे म्हणून सापांचा अनुभव असेलच असे नाही आणि त्यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. वन्यप्राण्यांच्या आरोग्याविषयी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले किंवा प्राणिसंग्रहालयात, वन्यप्राणी उपचार केंद्रात काही वर्षे काम केलेले डॉक्टर शोधावेत. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन सापांवर कोण उपचार करते असे थेट विचारले, तर बहुधा एखादे नाव मिळते. पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयात आणि वनविभागाच्या उपचार केंद्रांत जखमी सापांवर उपचार होतात. ही केंद्रे वन्य प्राण्यांसाठी असल्याने तेथे आपला पाळीव साप नेऊ नये, पण कोणत्या डॉक्टरांचा हात सापावर बसलेला आहे याची माहिती तेथल्या लोकांना असते.

गावोगावचे सर्पमित्र हा आणखी एक उपयोगी धागा. घरात शिरलेला साप सुखरूप पकडून सोडण्याचे त्यांचे काम मोलाचे आहे आणि त्यांपैकी जुन्याजाणत्यांनी नांगराने किंवा गाडीखाली जखमी झालेले साप कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांकडे नेलेले असतात. ते नाव त्यांच्याकडून जरूर घ्यावे. उपचार मात्र त्यांच्याकडून करून घेऊ नयेत. साप हाताळता येणे आणि सापाच्या फुप्फुसातला संसर्ग ओळखता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. साप विकणाऱ्या दुकानदाराच्या शिफारशीवरही मी एकट्या विसंबणार नाही.

परदेशातील मराठी घरांसाठी वाट थोडी सोपी आहे. अमेरिकेत सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्स ही संघटना असून तिच्या संकेतस्थळावर सभासद डॉक्टर शोधता येतात. सभासदत्व म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होणे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. याच विषयाचे वेगळे प्रमाणपत्र अमेरिकन बोर्ड ऑफ व्हेटेरिनरी प्रॅक्टिशनर्सकडून परीक्षेनंतर मिळते आणि असे डॉक्टर जवळ असतील तर त्यांना प्राधान्य द्यावे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटेरिनरी सर्जन्सच्या यादीत प्राणिसंग्रहालयीन वैद्यकाची विशेष पात्रता मिळवलेले डॉक्टर पाहता येतात. ऑस्ट्रेलियात विदेशी साप पाळण्यास मनाई आहे आणि देशी अजगरांसाठीही राज्याचा परवाना लागतो, त्यामुळे तेथील डॉक्टर त्या जातींशी चांगले परिचित असतात.

दोन-तीन नावे हाती आली की आधी फोन करावा. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत किती साप तपासले, हा पहिला प्रश्न. वर्षाकाठी एखादा असे उत्तर आले तर पुढचे नाव पाहावे. मात्र गावात दुसरे कोणीच नसेल आणि डॉक्टर एखाद्या जाणकार सहकाऱ्याचा फोनवर सल्ला घ्यायला तयार असतील, तर असा प्रामाणिक डॉक्टर मला खोट्या आत्मविश्वासाच्या डॉक्टरपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. क्ष-किरण तपासणी तेथेच होते का, विष्ठेचे, रक्ताचे आणि विषाणूंच्या चाचणीचे नमुने कोठे पाठवतात, सापाला भूल देण्याचा अनुभव आहे का, आणि रात्री किंवा रजेच्या दिवशी कोणाला बोलवायचे, हेही विचारून घ्यावे. शेवटी एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो: माझ्या बॉल पायथनने दोन महिने काही खाल्ले नाही, काय करावे? चांगला डॉक्टर वजन किती घटले, तापमान किती, ऋतू कोणता, कात टाकण्याची वेळ आहे का, असे उलट विचारतो. जो लगेच जीवनसत्त्वाचे इंजेक्शन किंवा बळजबरीने भरवणे सुचवतो, त्याच्याकडे मी जात नाही.

पहिली भेट साप निरोगी असतानाच घ्यावी. तिचा खर्च कधीच वाया जात नाही, कारण निरोगी अवस्थेतले वजन आणि तपासणीच्या नोंदी पुढे आजारपणात तुलनेला मिळतात. भेटीच्या आधी किमान दोन दिवस, आणि नुकतेच मोठे भक्ष्य दिलेले असेल तर चार-पाच दिवस, सापाला खाऊ घालू नये. हाताळताना तो अन्न उलटून टाकू शकतो. सुती उशीच्या अभ्र्यात साप ठेवून तोंड घट्ट बांधावे आणि तो अभ्रा हवेसाठी भोके पाडलेल्या टणक डब्यात ठेवावा. रिक्षात किंवा गाडीत उन्हात डबा एकटा सोडू नये. सोबत पेटीचे छायाचित्र, उबेच्या व थंड बाजूच्या तापमानाच्या नोंदी, शेवटच्या काही महिन्यांतील खाण्याच्या, कात टाकल्याच्या आणि वजनाच्या तारखा, आणि मिळाली तर ताजी विष्ठा लहान डबीत न्यावी.

तपासणी चालू असताना डोळे उघडे ठेवून पाहावे, कारण येथे बरेच काही कळते. जाणता डॉक्टर सापाला दोन-तीन ठिकाणी आधार देऊन धरतो, त्याला लोंबकळू देत नाही. वजन ग्रॅममध्ये मोजतो. तोंड मऊ चपट्या साधनाने हळुवार उघडून हिरड्यांचा रंग, फोड आणि चिकट स्राव पाहतो. तोंडात सडण्याची सुरुवात तेथेच दिसते. पोटाकडून बोटे फिरवत गाठ किंवा सूज चाचपतो, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बारीक काळे माइट म्हणजे रक्त शोषणारे परजीवी आहेत का पाहतो, साप उताणा केल्यावर तो झटकन सरळ होतो का हे तपासतो. खवल्यांच्या घर्षणामुळे साध्या स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके नीट ऐकू येत नाहीत, म्हणून काही डॉक्टर ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारे डॉप्लर यंत्र वापरतात. डोळ्यावर राहिलेली कातेची झापड चिमट्याने ओढून काढण्याची घाई करणाऱ्या माणसाच्या हाती मात्र साप देऊ नये, कारण त्यात डोळाच जाण्याची भीती असते.

औषधोपचाराच्या वेळी कुत्र्याचे गणित सापाला लावले जात आहे का, हे मालकालाही थोडे ओळखता यावे. सापाच्या शरीरात औषध हळू उतरते आणि हळूच बाहेर पडते. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सापांना साधारणपणे दर ७२ तासांनी देतात. रोज देण्याची सूचना आली तर कारण विचारावे. शरीराच्या मागच्या भागातले रक्त मूत्रपिंडांतून जात असल्यामुळे इंजेक्शन पारंपरिकपणे शरीराच्या पुढच्या भागात दिले जाते. मूत्रपिंडांवर ताण आणणाऱ्या औषधांसोबत शरीरात पाण्याची पातळी राखण्याची काळजी घेतली जाते का, हेही विचारावे. हे प्रश्न नम्रपणे विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. आमचे डॉक्टर तर कागदावर सापाची आकृती काढून समजावतात.

घरात एकाहून अधिक साप असतील तर नव्या सापाला वेगळ्या खोलीत किती दिवस ठेवावे, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. दोन ते तीन महिन्यांचा विलगीकरणाचा काळ सहसा सांगितला जातो. अजगरांमधला नायडोव्हायरस हा विषाणू किंवा बोआ (अजगरासारखाच विळखा घालणारा साप) व अजगर यांच्यातला रेप्टारेनाव्हायरस हा विषाणू बाहेरून निरोगी दिसणाऱ्या सापातही असू शकतो. दुर्दैवाने एखादा साप दगावलाच तर मृतदेह बर्फाच्या कप्प्यात न ठेवता फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवावा, कारण गोठल्यावर पेशींची तपासणी नीट होत नाही, आणि शवविच्छेदन करून घ्यावे. त्या अहवालावर बाकीच्या सापांचा जीव अवलंबून असू शकतो.

ठरलेल्या डॉक्टरांचा आणि त्यांच्या अनुपस्थितीतल्या दुसऱ्या डॉक्टरांचा क्रमांक पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवा, म्हणजे घरातल्या कोणालाही तो सापडेल. त्याखाली चार ओळी लिहून ठेवा: साप तोंड उघडून श्वास घेत असेल, मागील बाजूने मांसल भाग बाहेर आला असेल, भाजले असेल किंवा तो उताणा पडून सरळ होत नसेल तर सकाळची वाट न पाहता फोन करावा, बाहेर आलेला भाग सलाईनने ओला ठेवावा, सापाच्या तोंडात पाणी ओतू नये, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत डबा २५ ते २८ अंशांच्या आसपास उबदार ठेवावा, गरम पाण्याची पिशवी वापरलीच तर ती टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेरूनच लावावी.